बांधाकडचं सोयाबीन हिरवं, मधलं वाळलेलं : यात मातीतल्या जिवांचा हात किती?

काळी_माती (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. राहायला इंदुरात, सुदामा नगरला, जमीन देपालपूरकडे. वडिलोपार्जित, बटाईने दिलेली. मी रविवारी जातो, सल्ले देतो. बटाईदार दादा चहा पाजतात, मान डोलावतात आणि त्यांना हवं तेच करतात.

आमच्याकडे खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू, परत सोयाबीन, परत गहू. आजोबांच्या वेळी याच रानात ज्वारी, तूर, कापूस, उडीद असायचे, थंडीत कठिया गहू आणि हरभरा. खोल काळी जमीन तर पावसाळाभर नुसती बखरून पडीक ठेवायचे. १९७० नंतर माळव्यात सोयाबीन पसरलं ते याच पडीक खरिपात. पैसा दिला त्याने, खोटं कशाला बोलू. पण यंदा ऑगस्टात पावसाने ताण दिला आणि रानाच्या मधोमध पट्टेच्या पट्टे वाळले. बांधावर जुनी बाभूळ, कडुलिंब, बोरी, खाली नाना जातींचं गवत आणि आपोआप उगवलेली तूर आहे. त्याला लागून असलेल्या काही ओळी मात्र शेवटपर्यंत हिरव्या राहिल्या. वाण तोच, खत तेच, पेरणीही एकाच दिवशी झालेली.

मृदा आरोग्य कार्ड काढलं. त्यावर बारा गोष्टी येतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्क ते), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. आमचा कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली, म्हणजे शेरा ‘कमी’. जिवंत गोष्टींसाठी त्या कागदावर रकानाच नाही.

हल्ली जिकडे तिकडे वाचतो की वर झाडांच्या जाती जास्त असल्या की खाली जिवाणू-बुरशांच्या जाती वाढतात, आणि त्या वाढल्या की जमीन स्वतःला सांभाळते. हे कुणी तपासून बघितलंय की नुसतं ऐकायला गोड आहे? बांधाकडच्या ओळींचं श्रेय सावलीला द्यायचं, ओलीला की मातीतल्या जिवांना? जाणकारांनी लिहावं.

---

पोहे_जिलबी

भिया, बटाईदाराला विचारलं का? तो सांगेल, बांधाच्या आडोशाला पूर्वी गाव सकाळी बसायचं, त्याचं खत आहे ते :)

असो. जागा पकडली आहे. मोठे प्रतिसाद येऊ द्या, वाचून राहिलो आहे.

---

मास्तरीणबाई

काळी_माती, सिद्धांताकडे जाण्याआधी एक काम करा. वाळलेलं एखादं झाड अजून रानात असेल तर मुळासकट उपटा आणि खोडाचा बुडखा चाकूने उभा चिरा. आत राखाडी छटा आणि सालीखाली अगदी बारीक काळे ठिपके दिसले तर तो चारकोल रॉट. मॅक्रोफोमिना नावाची बुरशी. ते ठिपके म्हणजे तिने कठीण दिवसांसाठी बांधलेल्या गाठी. त्या मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. जमीन तापली, पाण्याचा ताण पडला की ही बुरशी उठते. म्हणून ‘उन्हाने वाळलं’ आणि ‘रोगाने वाळलं’ हे तुमच्या रानात एकाच वेळी खरं असू शकतं.

आता तुमचा प्रश्न. हो, तपासलेलं आहे, आणि चांगलं दणकून तपासलेलं आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक नावाची जागा आहे. तिथे डेव्हिड टिलमन आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली १६८ वाफे आखले. कुठे एकच जात, कुठे दोन, चार, आठ, कुठे सोळा. सोळा जातींच्या वाफ्यांत एकेकट्या जातीच्या वाफ्यांच्या सरासरीपेक्षा दुपटीहून जास्त वाढ दिसली, आणि हा फरक वर्षागणिक कमी न होता रुंदावत गेला. जर्मनीत येना इथे २००२ पासून असाच प्रयोग चालू आहे. तिथे त्यांनी मातीतले सूक्ष्मजीवही मोजले. जातींच्या संख्येचा परिणाम मातीत उतरायला सुमारे चार वर्षं लागली. वर झाडं लगेच बदलतात, खालचं जग सावकाश.

हे होतं कसं? झाड पानात बनवलेल्या साखरेचा बराच वाटा मुळांवाटे मातीत सोडतं. साखर, आम्लं, अमिनो आम्लं, आणखी काय काय. प्रत्येक जातीचा हा झिरपा वेगळा. सोयाबीनच्या मुळातून जेनिस्टीन आणि डेडझीन नावाची द्रव्यं सुटतात. ती ओळखून ब्रॅडीरायझोबियम हा जिवाणू उलट निरोप पाठवतो, मग मुळाचा केस वाकतो, जिवाणू आत शिरतो आणि गाठ बनते. गव्हाच्या मुळाशी हा संवाद होतच नाही, तिथे वेगळी मंडळी येतात. आलटून पालटून दोनच पिकं घेतली की वर्षभर त्याच दोन प्रकारचं अन्न खाली जातं. इतरांची उपासमार.

पण मला यातला सगळ्यात बोलका प्रयोग वेगळाच वाटतो. २०११ साली अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या गटांनी एकच गोष्ट दाखवली. एका गटाने माती निर्जंतुक केली, दुसऱ्याने बुरशीनाशक ओतलं. आणि एकेकट्या जातीचे वाफे एकदम सुधारले! मिश्र वाफ्यांत मात्र फारसा फरक पडला नाही. याचा अर्थ, एकच जात वर्षानुवर्षं एका जागी राहिली की तिच्यावर जगणारे रोगकारक तिच्या मुळांशी साचतात आणि वाढ खाली ओढतात. मिश्र वाफ्यात शेजारी दुसऱ्या जातीचं झाड असतं, त्यामुळे रोगाला एका मुळावरून दुसऱ्या मुळावर सरकता येत नाही. ‘विविधतेने उत्पादन वाढतं’ असं आपण म्हणतो, त्यातला मोठा भाग ‘एकसुरीपणाने उत्पादन घटतं’ असा आहे.

---

शंकेखोर

मास्तरीणबाई, प्रतिसाद आवडला, तरी नावाला जागतो.

एक. सीडर क्रीक काय किंवा येना काय, ती गवताची कुरणं. तिथे मोजतात एकूण पालापाचोळा. काळी_माती यांना मंडीत न्यायचे आहेत सोयाबीनचे क्विंटल. सोळा जातींचं गवत कापून कोण विकत घेणार?

दोन. ‘वर जाती जास्त म्हणजे खाली जाती जास्त’ हे सरसकट खरं नाही. २००६ साली उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या नाना ठिकाणच्या मातीतले जिवाणू तपासले गेले. जिवाणूंची विविधता ठरते कशावर, तर सगळ्यात जास्त सामूवर. उदासीन सामूच्या जमिनीत ती भरपूर, आम्लधर्मी जमिनीत कमी. पेरूमधल्या ॲमेझॉनच्या जंगलाखाली, जिथे झाडांच्या जातींची रेलचेल, तिथली माती आम्लधर्मी म्हणून जिवाणूंच्या बाबतीत गरीब निघाली. माळव्याची काळी जमीन सामूला साडेसात ते साडेआठ. म्हणजे सोयाबीन-गहू घेऊनही जिवाणूंच्या जाती आपल्याकडे काही कमी नसाव्यात.

तीन. एकसुरीपणा नेहमी वाईटच असंही नाही. गव्हाला मुळं काळी पडणारा एक रोग आहे, टेक-ऑल म्हणतात. थंड देशांत गव्हावर गहू घेत राहिलं की पहिली काही वर्षं तो वाढतो आणि मग आपोआप ओसरतो. कारण त्या बुरशीला मारणारं द्रव्य बनवणारे स्यूडोमोनास जिवाणू त्याच मुळांशी पोसले जातात. पीक बदललं तर उलट ही राखण मोडते.

आणि बांधाचं म्हणाल तर तिथे ट्रॅक्टरचं चाक कमी फिरतं, पाला पडतो, दुपारनंतर सावली येते, बांध पाणी अडवतो. यातलं एकही कारण वजा न करता जिवाणूंना हार घालायचा?

---

मास्तरीणबाई

शंकेखोर, तुमचे तिन्ही मुद्दे दुरुस्त आहेत आणि तिसरा तर माझ्या आवडीचा. पण दुसऱ्यात एक पाचर मारते. तो अभ्यास जिवाणूंचा. बुरशांचं गणित निराळं. आणि नुसती जातींची मोजणी करून काही कळत नाही. कुठलं काम कितीजण करतात हे बघायला हवं. पाला कुजवणं हे काम हजार जातींना येतं, त्यातल्या शंभर गेल्या तरी पाला कुजतोच. पण अमोनियाचं नायट्रेट करणारे मोजके. सोयाबीनच्या मुळात गाठ बांधणारे त्याहून मोजके. मुळांत राहणारी मायकोरायझा बुरशी, तिच्याही जगभरात नोंदलेल्या जाती काही शेकडाच आहेत. विविधता घटल्याची किंमत अशा मोजक्या कामांत लागते.

मायकोरायझावर १९९८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगते. मातीत या बुरशीच्या एक ते चौदा जाती घातल्या आणि वर एकच बी-मिश्रण पेरलं. बुरशीच्या जाती वाढल्या तशा वरच्या झाडांच्या जातीही जास्त टिकल्या आणि मातीतलं जास्त स्फुरद उचललं गेलं. तेव्हा ‘वरचं खालच्याला पोसतं’ एवढंच नाही, खालचंही वर कोण जगेल ते ठरवतं.

बांधाबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. सावली आणि ओल हीच पहिली कारणं असणार. फक्त ती ओल धरून ठेवणारं सेंद्रिय द्रव्य कुठून आलं, हा प्रश्न विचारला की गाडी परत त्याच स्टेशनात येते.

---

सांवेरकर

राम राम. मी सांवेरला शेती करतो, शिक्षण बेताचं, पण सोयाबीन रोजचं आहे म्हणून लिहून राहिलो.

बाईंनी चारकोल रॉट सांगितला तो बरोबर. आमच्याकडे ज्या वर्षी ऑगस्ट कोरडा जातो त्या वर्षी दिसतोच. पण त्याला पीक बदलून पळवता येत नाही हेही सांगा. तो ज्वारीला लागतो, मक्याला लागतो, कपाशीला लागतो. इथल्या अनुभवाने सांगतो, जिथे शेणखत पडलं आणि नरवाई, म्हणजे गव्हाचे उभे राहिलेले धांडे, जाळली नाही तिथे तो कमी.

नरवाईचं बोलायलाच पाहिजे. हार्वेस्टरने गहू कापला की फूटभर धांडे उभे राहतात. लोक एप्रिलात काडी लावतात. बंदी आहे, दंड आहे, तरी रात्री महूच्या रस्त्याने जा, दोन्ही बाजूला पेटलेलं दिसेल. वरच्या बोट-दोन बोट मातीतले जीव मरतात ते मरतात, पण जे जगले त्यांना खायला काय? वर्षभराचा चारा आपणच जाळला. आणि मग जूनमध्ये दुकानात जाऊन दीडशे रुपयांचं जिवाणू पाकीट मागतात. दुकानदाराने ते मे महिनाभर पत्र्याखाली ठेवलेलं. त्या पाकिटात काय उरलं असेल, तुम्हीच सांगा. एका दुकानात तर मी तारीख बघितली, मागच्या वर्षीची. तोंडावर म्हणतो, ‘चालतं हो.’

रायझोबियम लावायचं तर क्रम पाळा. आधी बुरशीनाशक, ते सुकू द्या, मग कीटकनाशक, आणि एकदम शेवटी रायझोबियम, सावलीत, पेरणीच्या दिवशीच. पुष्कळ लोक तिन्ही एका ड्रममध्ये घुसळतात. जिवाणू विष पिऊन मेला.

---

गच्चीवरची_बाग

सांवेरकर दादा, पाकिटाबद्दल +१. आम्ही शहरातले तर ऑनलाइन मागवतो, बाटलीवर दोन अब्ज की काय लिहिलेलं असतं.

माझा प्रश्न जरा शहरी. आमच्या कॉलनीच्या बागेत लॉन, कडेने एकाच जातीची शोभेची झुडपं, आणि दर सकाळी पडलेलं पान न् पान झाडून पोत्यात. कचरागाडी घेऊन जाते. शहर स्वच्छ आहे याचा अभिमान मलाही आहे, ओला कचरा देवगुराडियाच्या प्रकल्पात जाऊन त्याचा गॅस होतो हेही उत्तमच. पण बागेतलं पानसुद्धा कचरा? खाली माती इतकी टणक झाली आहे की खुरपं जात नाही. गेल्या वर्षी तिथे लावलेला बहावा, करंज, दोन्ही रुसून बसलेत.

आणि २०२४ च्या जुलैत रेवती रेंजला एका दिवसात अकरा लाखांवर रोपं लावली, विक्रम झाला, आम्हीही गेलो होतो चिखलात. तिथे माझ्या मनात हेच येत होतं: रोपं तर नाना जातींची आणली, पण त्या मुरमाड टेकडीत त्यांना हवी ती बुरशी आहे का? की ती रोपांबरोबर पिशवीतूनच येते?

---

मास्तरीणबाई

गच्चीवरची_बाग, थोडी पिशवीतून येते, पण रोपवाटिकेतली माती आणि शेणखताचं मिश्रण टेकडीसारखं नसतं, त्यामुळे तिथली मंडळी टेकडीवर टिकतीलच असं नाही. जुने वनरक्षक एक करायचे: त्याच जातीच्या मोठ्या झाडाखालची, वरचा पाला सारून, मूठभर माती प्रत्येक खड्ड्यात टाकायची. रालामंडलच्या सागाखालची माती म्हणजे फुकटचं कल्चर. (अभयारण्यातून उचलून आणा असं सांगत नाहीये, कायदा आहे. कृषी महाविद्यालयाच्या आवारात किंवा जुन्या बंगल्यांत परवानगीने मिळेल.)

नापीक जागी अशी माती घालून झाडं लवकर सावरतात हे नेदरलँड्समध्ये मोठ्या प्रमाणावर करून बघितलेलं आहे. त्यांनी बंद झालेल्या शेतजमिनीवर काही ठिकाणी गवताळ माळाची आणि काही ठिकाणी झुडपी रानाची माती पातळ थरात पसरली. जिथली माती, तिथलीच वनस्पती उगवून आली. २०१६ साली प्रसिद्ध झालंय.

कॉलनीच्या बागेसाठी भांडण करायचंच असेल तर लॉनवरून करू नका, हराल. झाडांच्या बुंध्याभोवतीचं आळं तेवढं मागा. तिथली पानं तिथेच राहू देत. पिंपळ-वडाचं चिवट पान सावकाश कुजतं, शेवगा-कडुलिंबाचं भराभर. दोन्ही एकत्र असली तर उत्तम.

---

जुनं_इंदूर

वा, मास्तरीणबाईंनी कृषी महाविद्यालयाचं नाव घेतलंच आहे, तर हा धागा इंदूरच्या नावाने चालू असताना ही गोष्ट राहून जायला नको.

१९२४ साली होळकर दरबाराने दिलेल्या तीनशे एकरांवर इथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. संचालक अल्बर्ट हॉवर्ड. त्याआधी ते बिहारमध्ये पुशाला होते. पत्नी गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ. १९३१ पर्यंत इथे राहून हॉवर्ड यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली तिला जगभर आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. न्यूझीलंडच्या बागवाल्याला इंदूर माहीत असतं ते सराफ्यातल्या खाण्यासाठी नाही, या खतासाठी! आणि त्यावरचं १९३१ चं पुस्तक ज्या दोघांच्या नावावर आहे त्यातले दुसरे यशवंत वाड. संस्थेत रसायनशास्त्र बघणारे. आपल्यातले. कुणाला ठाऊक आहेत?

या धाग्याशी संबंध असा की हॉवर्ड-वाड यांचा सगळा भर ‘मिश्र’ शब्दावर होता. नुसत्या पऱ्हाटीचं, नुसत्या पानांचं खत नीट होत नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, उसाचं पाचट, निंदलेलं तण, पाला, सगळं मिसळून. पऱ्हाट्या टणक, म्हणून त्या आधी शेतरस्त्यावर अंथरायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांची चाकं त्यांचा भुगा करत. मग जनावरांखाली बिछाना म्हणून. मग उथळ खड्ड्यात थर: हा पाचोळा, शेण, गोठ्यातली मुताची माती, राख. तीनदा उलथापालथ आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार. नव्या खड्ड्यात काही दिवसांपूर्वीच्या खड्ड्यातला बुरशी धरलेला माल थोडा घालायचे, घरी दुधाला विरजण लावतो तसं. बाजारातलं पाकीट नव्हतंच.

गांधीजी १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले तेव्हा ही संस्था बघून गेले. तीच जागा आजचं कृषी महाविद्यालय.

---

शंकेखोर

जुनं_इंदूर, माहिती मस्त. वाडांचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं.

फक्त हॉवर्डसाहेबांचा दुसरा भागही सांगा. कंपोस्ट ही त्यांची पक्की कमाई. पण ‘अशा जमिनीतलं पीक, ते खाणारी जनावरं आणि माणसं रोगापासून वाचतात’ ही उडी त्यांनी निरीक्षणावरून मारली होती. ते पडताळायला १९३९ पासून इंग्लंडात हॉली गावी शेजारी-शेजारी शेतं ठेवून लांबलचक प्रयोग करावा लागला. आज बाटलीवर ‘माती जिवंत करा’ असं छापणारे हीच उडी रोज मारतात.

---

सांवेरकर

बाटलीचं राहू द्या. मला तुरीचं विचारायचं आहे. आमचे म्हातारे म्हणायचे, ज्वारीत तूर टाकली की तूर मरत नाही. एकटी तूर लावली की मर लागते. खरं काय?

---

मास्तरीणबाई

म्हातारे अगदी बरोबर. तुरीचा मर रोग फ्युजेरियम बुरशीचा. ज्वारीच्या सोबतीने तो लक्षणीय कमी होतो हे हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेत प्रयोगाने सिद्ध झालेलं आहे. ज्वारीच्या मुळांचा झिरपा त्या बुरशीला मानवत नाही, आणि तुरीची मुळं एकमेकांपासून लांब पडतात.

त्याच संस्थेत तुरीची आणखी एक करामत सापडली, १९९० साली. तुरीच्या मुळातून पिसिडिक आम्ल सुटतं आणि ते लोहाशी जखडलेलं स्फुरद मोकळं करतं, जे इतर पिकांच्या हाती लागत नाही. पुढचं पीक त्याचा फायदा घेतं. मात्र शंकेखोर हरकत घेण्याआधी मीच सांगते: हे लाल जमिनीतलं. आपल्या काळ्या जमिनीत स्फुरद जखडलेलं असतं ते मुख्यतः चुन्याशी, तिथे तुरीची ही खुबी तेवढी चालत नाही. आपल्याकडे तुरीचा फायदा वेगळा. सोटमूळ खोल जातं, पानगळ भरपूर, आणि गाठी बांधणारा जिवाणू सोयाबीनच्या जिवाणूपेक्षा वेगळ्या बिरादरीचा, चवळी-मूग-उडदाच्या कुळातला. तो इथला जुना रहिवासी आहे. सोयाबीनचा मात्र सुरुवातीला पाकिटातून आणावा लागला.

सांवेरकर, तुम्ही कांदा-लसूणही घेत असाल. फुलकोबीवर लगेच कांदा घेऊ नका. कोबी, मोहरी, मुळा या घराण्याच्या मुळांत मायकोरायझा राहत नाही, त्यामुळे ती उपाशी पडते. आणि कांदा-लसणाच्या मुळांना केस जवळजवळ नसतात, ते या बुरशीवर फार विसंबून. मधे मका, ज्वारी, मूग काहीतरी येऊ द्या.

---

सांवेरकर

बाई, हे कोबी-कांद्याचं तंतोतंत लागू पडतं. आम्ही म्हणत होतो, कोबीने जमीन ‘गरम’ केली.

पण तूर लावणाऱ्यांनी तीन गोष्टी ध्यानात घ्या, धाग्यात कुणी लिहिल्या नाहीत. पहिली, घोडारोज, म्हणजे नीलगाय. हिरवी तूर दिसली की कळपाने येतात, रात्रीतून साफ. आसपास सगळ्यांचं सोयाबीन आणि तुमचीच तूर असेल तर समजा मेजवानी तुमच्याकडे. दुसरी, हार्वेस्टर. मिश्र पिकात तो घुसत नाही, सोयाबीन हाताने कापावं लागतं आणि मजूर दिवाळीच्या तोंडावर मिळत नाही. तिसरी, जुनी तूर जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभी, मग गव्हाचं काय? पुस्तकात विविधता छान दिसते. शेतकरी सोयाबीन-गहू घेतो तो अडाणी म्हणून नाही, मशीन आणि मंडी दोन्ही त्याच पिकांची आहेत म्हणून घेतो.

---

पोहे_जिलबी

हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवण्यासारखा आहे. शहरात बसून ‘ज्वारी लावा, ज्वारी लावा’ करणाऱ्यांनी (मीही त्यातला) आधी हे वाचावं.

अवांतर: कुठेतरी वाचलं होतं की जुना सुती बनियन वीतभर खोल पुरायचा आणि दोन महिन्यांनी काढायचा. जितका खाल्लेला तितकी माती जिवंत. फुकट चाचणी. खरं आहे का?

---

मास्तरीणबाई

खरं आहे, पूर्ण सुती हवा. कापूस म्हणजे शुद्ध सेल्युलोज, तो खाणारे किती कामावर आहेत ते कळतं. जाती किती आहेत ते नाही कळत. एक बांधाजवळ, एक मधोमध, सारख्याच खोलीवर. आणि जागा खुंटी मारून ठेवा, नाहीतर बखराला बनियन लागेल.

गाठींची चाचणी त्याहून सोपी. फुलोऱ्याच्या सुमारास झाड उपटू नका, कुदळीने ढेकळासकट काढा, नाहीतर गाठी मातीतच राहतात. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर नत्र बांधणं चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नुसतं बिऱ्हाड आहे, काम नाही.

---

काळी_माती (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. रविवारी जाऊन आलो. बाईंनी सांगितल्याप्रमाणे बुडखे चिरले. मधल्या पट्ट्यात राखाडी छटा आणि काळे ठिपके दोन्ही आहेत. बांधाकडच्या झाडांतही एक-दोन ठिकाणी ठिपके मिळाले, पण झाड उभं होतं. म्हणजे बुरशी दोन्हीकडे, मार मधेच जास्त. बटाईदार दादांनी खोड हातात घेऊन बघितलं आणि पहिल्यांदाच स्वतःहून प्रश्न विचारला: ‘याला औषध काय?’

औषध नाही म्हटलं. ठरलंय ते असं. नरवाई जाळायची नाही, रोटाव्हेटरने गाडायची. शेणखत मधल्या पट्ट्यातच जास्त. आणि पुढच्या खरिपात सगळ्या रानात नाही, पण बांधाच्या बाजूने दोन बिघ्यात चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर, लवकर येणाऱ्या वाणाची. घोडारोजचं बघू, बांधाला काटेरी कुंपण आहे थोडं.

---

शंकेखोर

बांधाच्या बाजूने नको! तिथे सावली, ओल, पाला आधीच आहे. पीक चांगलं आलं तरी तुरीमुळे आलं की बांधामुळे, कधीच कळणार नाही. मधल्या वाळलेल्या भागात घ्या. आणि लगेच शेजारी तेवढीच नुसत्या सोयाबीनची पट्टी, खत-पाणी सगळं सारखं. येनावाल्यांना चार वर्षं लागली होती, तुम्ही एका हंगामात निकाल लावू नका.

---

सांवेरकर

शंकेखोर भाऊ, मधे तूर घेतली तर हार्वेस्टर दोन तुकड्यांत फिरवावा लागेल, तो ड्रायव्हर शिव्या देईल. त्यापेक्षा रानाच्या एका टोकाला, बांधापासून लांब, रस्त्याकडच्या बाजूला घ्या. तिथेही वाळलंच असेल ना?

---

काळी_माती (धागाकर्ता)

वाळलंय. रस्त्याकडचंच ठरवतो. दोन्ही पट्ट्यांचं सोयाबीन हाताने कापून वेगवेगळं तोलायचं, एवढं दादांनी कबूल केलंय. तुरीचं बी कुठून घ्यावं, सांवेर की इंदूर?

---

सांवेरकर

सांवेरला या, बघू. येताना तो बनियन घेऊन या, माझ्या कोबीच्या वाफ्यातही एक पुरतो.